छोट्या मत्स्यालयातील शेजारधर्म

ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या वन-रूम-किचन किंवा टू-बीएचके सदनिकांमध्ये मत्स्यालयाला जागा मिळते ती बहुधा टीव्हीच्या शेजारी किंवा बूट ठेवण्याच्या कपाटावर. त्यामुळे टाकीही बेताचीच असते. दुकानदारांच्या भाषेत 'दोन बाय एक बाय एक', म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. तिच्यात काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर माशांच्या वाट्याला जेमतेम ४५ लिटर येते. एवढ्या पाण्यात कोण कोणासोबत नांदू शकेल, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच विचारला जातो. दुकानात रंग पाहून दोन-दोन मासे निवडले जातात, पिशव्या घरी येतात आणि पंधरवड्याच्या आत टाकी निम्मी रिकामी होते. दोष पाण्याला किंवा नशिबाला दिला जातो. खरे कारण अनेकदा निवडीतच असते.

सर्वाधिक फसगत होते ती गोल्डफिशच्या बाबतीत. फेंगशुईचे वेड आपल्याकडे पसरले, तेव्हापासून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवण्याची प्रथा घरोघरी पोहोचली. दुकानातला गोल्डफिश दोन इंचांचा दिसतो. पण ते पिल्लू असते. नीट वाढलेला गोल्डफिश सहा-सात इंचांचा सहज होतो, खातो भरपूर आणि घाणही तितकीच करतो. असे नऊ मासे ४५ लिटर पाण्यात ठेवणे म्हणजे लोकलच्या डब्यात कायमचे बिऱ्हाड करण्यासारखे आहे. शिवाय हा मूळचा थंड पाण्यातला मासा. त्याला १८ ते २२ अंश तापमान मानवते, तर गप्पी, गोरामी, एंजल हे उष्ण कटिबंधातले मासे २४ ते २८ अंशांत सुखी असतात. एप्रिल-मे महिन्यांत ठाण्यातल्या बंद घरात टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर जाते आणि पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकणारा गोल्डफिश भुकेला नसतो, गुदमरत असतो. दोन फुटी टाकीसाठी हा मासा नाहीच, हे आधीच ठरवून टाकलेले बरे.

दुसरी फसवणूक नावांची. 'शार्क' म्हणून विकले जाणारे चंदेरी पिल्लू प्रत्यक्षात पंगास कुळातला मासा असते. मोकळ्या पाण्यात तो एक मीटरहूनही लांब वाढतो. आपल्याकडच्या हॉटेलांत 'बासा' या नावाने ताटात येणारा मासा बहुतेक वेळा हाच, यावरून त्याच्या आकाराची कल्पना यावी. काच साफ करणारा म्हणून गळ्यात मारला जाणारा 'सकर' फूट-दीड फुटाचा होतो आणि मोठेपणी शेवाळ खाण्यातला त्याचा उत्साह ओसरतो. ऑस्करच्या तोंडात मावेल तो मासा त्याचे अन्न ठरतो. फ्लॉवरहॉर्न हा तर माणसाने संकरातून घडवलेला मासा. त्याला एकट्याला मोठी टाकी लागते आणि शेजारी कोणीही चालत नाही.

भांडणे केवळ आकारावरून होत नाहीत. टायगर बार्ब हा जेमतेम अडीच इंचांचा, अंगावर काळे पट्टे मिरवणारा चपळ मासा. तो एंजलचे लांब पर आणि गप्पीची शेपटी कुरतडून काढतो. दोन-तीनच ठेवले तर हा उपद्रव वाढतो. आठ-दहांच्या थव्यात त्यांची खोडकर वृत्ती बरीचशी आपापसांत जिरते. मात्र तेव्हा टाकी त्यांचीच होते, लांब पर असलेल्या माशांनी तिकडे फिरकू नये. फायटरचे दोन नर एकत्र ठेवू नयेत हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु झुपकेदार शेपटीचा रंगीत गप्पीही फायटरला प्रतिस्पर्धी वाटू शकतो, हे ठाऊक नसते. एंजल आणि निऑन टेट्रा ही जोडी दुकानात मोहक दिसते. दोघेही दक्षिण अमेरिकेतले. पण एंजल वाढला की सडपातळ निऑन त्याच्या तोंडात मावतो आणि एके सकाळी निऑनची संख्या कमी भरते. एंजलचे पर वर-खाली पसरलेले असल्याने फूटभर उंचीची टाकी त्याला पुरतही नाही.

आता पाण्याविषयी. ठाण्याला भातसा आणि उल्हास या नद्यांचे, तर कल्याण-डोंबिवलीला मुख्यतः उल्हासचे पाणी मिळते. काळ्या बेसाल्ट खडकावरून वाहत येणारे हे पावसाचे पाणी सहसा मृदू असते. टेट्रा, रासबोरा, गोरामी यांना ते मानवते. मॉलीला मात्र क्षारयुक्त, जड पाणी लागते. मृदू पाण्यात ती एका जागी थरथरत राहते आणि हळूहळू खंगते. याउलट घोडबंदर रस्त्यावरच्या काही संकुलांप्रमाणे जेथे टँकर किंवा बोअरवेलचे पाणी मिसळले जाते, तेथे गप्पी, मॉली, प्लॅटी खुशीत राहतात आणि निऑन टिकत नाही. एकाच शहरातल्या दोन इमारतींत एकच मासा जगतो आणि मरतो, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. पाण्याचा जडपणा मोजणारा संच बाजारात मिळतो. मासे घेण्यापूर्वी तो वापरावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी अँटीक्लोरीनचे थेंब टाकावेत किंवा पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून त्यात हवेचा पंप चालवावा.

नव्या टाकीत पहिल्याच दिवशी मासे सोडणे ही तर हमखास चूक. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि ती वस्ती पुरती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाच्या जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला, तर हा काळ बराच घटतो. तो स्पंज नळाखाली धुऊन 'स्वच्छ' करू नये. क्लोरीनने सारे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळावा.

मग दोन फुटी टाकीत ठेवायचे तरी काय? मृदू पाणी असेल तर आठ हार्लेक्विन रासबोरा, हनी गोरामीची एक जोडी आणि तळाशी पाच-सहा लहान कोरीडोरास ही मांडणी उत्तम. एक मधल्या थरात थव्याने फिरतो, दुसरा वरच्या थरात रेंगाळतो, तिसरा वाळू हुंगत राहतो. कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. कोरीडोराससाठी वाळू बारीक हवी, टोकदार खडीने त्याच्या मिशा झिजतात. ज्यांना हालचाल आवडते त्यांनी आठ झेब्रा डॅनिओ आणि चार प्लॅटी घ्याव्यात. जड पाण्यात केवळ नर गप्पींचा सात-आठांचा घोळका शोभतो. माद्याही हव्या असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या घ्याव्यात, नाहीतर नर मादीचा पाठलाग करून तिला दमवतात. महिन्याभरात पिल्ले होतात आणि पुढल्या महिन्यात पुन्हा. ती कोठे ठेवायची, याचा विचार आधी करावा.

यातले काही मासे तर आपल्याच देशातले आहेत. झेब्रा डॅनिओ, हनी गोरामी आणि ड्वार्फ गोरामी या तिन्हींचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात केले. झेब्रा डॅनिओ आज जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्यावर संशोधन होते. दहा-वीस रुपयांचा म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करणारे गिऱ्हाईक महागड्या, नाजूक माशावर पैसे घालवते, हा मोठा विरोधाभास आहे. नवशिक्यासाठी त्याच्याइतका काटक सोबती नाही.

मासे कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारातून आणोत वा घराजवळच्या दुकानातून, नवे मासे दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो रोग साऱ्या टाकीत पसरण्याआधीच लक्षात येतो. टाकीतले पंचवीस टक्के पाणी दर आठवड्याला बदलावे. दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहण्याचा दिवस जाहीर झाला, की एक बादली आदल्या दिवशीच भरून ठेवावी. वीज गेल्यावर फिल्टर थांबतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असावा आणि त्या वेळेत माशांना खाऊ घालू नये.

टाकीत न मावणाऱ्या माशांचे काय, हा शेवटचा आणि अवघड प्रश्न. ठाणे हे तलावांचे शहर असल्याने अनेकांना मासुंदा किंवा उपवन तलाव आठवतो आणि मासा तेथे सोडणे हे पुण्यकर्म वाटते. परंतु दक्षिण अमेरिकेतला सकर याच वाटेने भारतीय पाण्यात शिरला. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात तो स्थिरावला आणि तेथील मच्छीमारांची डोकेदुखी झाला. तो काठ पोखरतो, जाळी फाडतो आणि स्थानिक माशांचे अन्न व जागा बळकावतो. वाढलेला मासा विकत घेतलेल्या दुकानात परत देता येतो. पुष्कळ दुकानदार तो घेतात, पैसे मात्र देत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वीच दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: हा मासा केवढा होणार, आणि तेवढा झाल्यावर परत घ्याल का?