शिलावर्तुळातला स्वार

१/
१९७३ साली ‘सायकोमेनिया’ हा ब्रिटिश भयपट प्रदर्शित झाला. मोटारसायकलस्वारांच्या टोळीचा म्होरक्या मृत्यूनंतर परतण्याचे गूढ हस्तगत करतो. साथीदार त्याला एका शिलावर्तुळात, मोटारसायकलवर बसलेल्या स्थितीतच पुरतात. पुढे तो गाडीसह जमीन फोडून बाहेर येतो!

२/
प्रसंग हास्यास्पद भासेल. परंतु शिलावर्तुळात मृतासोबत त्याचे वाहन ठेवण्याची प्रथा विदर्भात खरोखरच होती, तीही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात. फक्त वाहन होते घोडा.

३/
नागपूरजवळच्या माहुरझरी येथे १९७०-७२ दरम्यान शां. भा. देव यांनी उत्खनन केले. दगडांच्या वर्तुळांत मानवी अस्थी, लोखंडी हत्यारे, मृद्भांडी, मणी आणि घोड्यांचे अवशेष मिळाले. घोड्याला तांब्याचे शिरोभूषण आणि लोखंडी लगाम होता. योगायोग असा की या उत्खननाचा अहवालही १९७३ सालचाच.

४/
हे एकाकी उदाहरण नव्हे. जुनापाणी येथे सुमारे ३०० वर्तुळांची नोंद आहे. जुन्या भंडारा जिल्ह्यातील तिलोता खैरी आणि पिंपळगाव येथूनही महापाषाणीय अवशेष नोंदले गेले आहेत.

५/
चित्रपटातले वर्तुळ शापित आहे. शेवटी टोळीच शिळा होते. आपल्याकडील लोकस्मृती मात्र सौम्य होती. एकोणिसाव्या शतकात इथले लोक ही वर्तुळे जुन्या गवळ्यांची मानत. १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना मिशनरी स्टीफन हिस्लॉप बुडाले. भयपटाने याला शाप म्हटले असते. इतिहास पावसाळ्यात फुगलेल्या ओढ्याकडे बोट दाखवतो.

६/
खरी अस्वस्थता निराळीच आहे. काही घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. धन्याच्या दफनावेळी त्यांचा बळी दिला गेला, असे अभ्यासक मानतात. म्होरक्याने मरण स्वतः निवडले होते. घोड्याला कोणी विचारले नव्हते. सजवून मारणे, हाही सन्मानाचाच एक प्रकार होता.

७/
या समाजाने एकही लेख मागे ठेवलेला नाही. दगड कुठे आहे, त्याखाली काय आहे, हाच त्यांचा दस्तऐवज. बांधासाठी, रस्त्यासाठी वा गिट्टीसाठी असा दगड उचलला की त्या दस्तऐवजाचे एक पान कायमचे फाटते. शिवारात गोलाकार मांडलेले दगड दिसले, तर भिऊ नका. मात्र हलवूही नका.