गुणपत्रक म्हणजे जन्मपत्रिका नव्हे!

जून महिन्यात नीट आणि सीईटीचे निकाल लागतात. मोबाइलवर एक आकडा येतो आणि घरात शांतता पसरते. आकडा कमी असेल तर शेजारी सांगतात, "पोराला साडेसाती चालू आहे, शिंगणापूरला जाऊन तेल वाहून या." आणि माणसं जातातही. महिन्याचा खर्च कसाबसा भागवणारा बाप शनीवर तेल ओततो. पण पोराच्या निकालपत्रावरचे 'पर्सेंटाइल', 'रँक', 'कटऑफ' हे शब्द त्याला समजावून सांगायला कोणी येत नाही.

मित्रांनो, प्रश्न फक्त तेलाच्या पैशांचा नाही. आकड्याला नशीब मानायची सवय आपल्याला कोणी लावली, हा खरा प्रश्न आहे. पूर्वी जन्म सांगत होता की तुझी लायकी काय. आज निकाल सांगतो. दोन्ही वेळा आपल्याकडून एकच अपेक्षा असते, मान खाली घालून मान्य करा. म्हणून प्रवेश परीक्षेचा इतिहास आपल्या बाजूने एकदा वाचायला हवा.

शिंगणापूरचं दार कोणी उघडलं?

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, शनी राखण करतो, असं कौतुकाने सांगितलं जातं. तिथे २०११ मध्ये बँकेची बिनकुलपाची शाखा निघाली, त्याच्या बातम्या देशभर झाल्या. पण त्याच गावात शनीच्या चौथऱ्यावर बाईने चढायचं नाही, हे कुलूप शाबूत होतं. ते शनीच्या कृपेने उघडलं नाही. आंदोलन झालं, १९५६ चा मंदिर प्रवेशाचा कायदा समोर ठेवला गेला, १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, स्त्रिया चौथऱ्यावर गेल्या. आणि याच नेवासे तालुक्यात, शिंगणापूरजवळच्या सोनईत, १ जानेवारी २०१३ रोजी तीन दलित तरुणांची हत्या झाली. घराला दार नसलं म्हणजे जातीला कुलूप नसतं असं नाही.

शिक्षणाचं दारही असंच आहे. ते कधी आपोआप उघडलं नाही.

फुल्यांची साक्ष

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं ते मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून. मॅट्रिक ही त्याची प्रवेश परीक्षा होती. ती पास झाल्याशिवाय कॉलेजची पायरी चढता येत नव्हती.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यातला मुद्दा आपण नेहमी सांगतो. दुसरा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. शाळेत न जाता खाजगी अभ्यास केलेल्यांनाही विद्यापीठ प्रवेश परीक्षेला बसू देतं, याचं फुल्यांनी स्वागत केलं आणि हीच सवलत बी. ए., एम. ए.च्या परीक्षांनाही द्या, अशी अपेक्षा व्यक्त केली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. फुले परीक्षेच्या विरोधात नव्हते. त्यांचा प्रश्न होता, परीक्षेपर्यंत पोचायची वाट कोणाला मोकळी आहे? ज्याच्याकडे शाळेचा खर्च नाही त्यालाही परीक्षेच्या दारात उभं राहता आलं पाहिजे. सावित्रीमाईंचं शिक्षिका म्हणून प्रशिक्षण याच अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर शहरात, मिस फरार यांच्या संस्थेत झालं. ज्या जिल्ह्याला हा वारसा आहे, तिथल्या पोरांनी निकालाला साडेसाती म्हणावं?

७५० पैकी २८२

१९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलचा एक विद्यार्थी मॅट्रिक पास झाला. गुण ७५० पैकी २८२, म्हणजे ३७.६ टक्के. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, माणसांच्या गर्दीत त्याने अभ्यास केला होता. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

आज कोणी ३७ टक्के सांगितले तर 'मेरिट'वाले हसतील. पण त्या काळी मॅट्रिक पास होणंच दुर्मीळ होतं आणि अस्पृश्य समाजातल्या मुलाने पास होणं ही सत्कार समारंभ करण्याजोगी घटना होती. तसा सत्कार झाला, कृष्णाजी केळुसकरांनी बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली, १९१३ मध्ये कोलंबिया, १९१५ मध्ये एम. ए., १९२३ मध्ये लंडनची डी. एस्सी. ३७.६ या आकड्यात यातलं काहीच दिसत नव्हतं. परीक्षा त्या दिवसापर्यंत काय मिळालं ते मोजते, पुढे काय होऊ शकतं ते नाही.

चाळणी परीक्षेच्या कितीतरी आधी सुरू होते, हेही बाबासाहेबांनीच दाखवून दिलं. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात बोलताना त्यांनी हिशोब मांडला होता की प्राथमिक शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोचतात. उरलेल्या ८२ जणांची 'गुणवत्ता' कोणी मोजली?

अमेरिकेतही हेच घडलं. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमत्ता चाचणी बनवली ती कोणत्या मुलाला जास्त मदत हवी हे ओळखण्यासाठी. अमेरिकेत तिचं हत्यार झालं. कार्ल ब्रिगहॅम यांनी सैन्यातल्या चाचण्यांवरून १९२३ मध्ये वंशांची उतरंड लावली आणि त्यांच्याच पुढाकाराने १९२६ मध्ये सॅट ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा आली. १९३० मध्ये ब्रिगहॅम यांनी स्वतःचेच वंशाबद्दलचे निष्कर्ष मागे घेतले. परीक्षा मात्र राहिली.

पर्सेंटाइल म्हणजे काय?

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. टक्के सांगतात, पेपरातले किती गुण मिळवले. पर्सेंटाइल सांगतो, रांगेत तुम्ही कुठे उभे आहात.

सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत होते. एखाद्या सत्राचा पेपर सोपा, एखाद्याचा अवघड. म्हणून तुमची तुलना तुमच्याच सत्रातल्या मुलांशी होते. समजा तुमच्या सत्रात २०,००० जण बसले आणि १८,००० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, तर तुमचा पर्सेंटाइल ९०. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण परीक्षेला ३ लाख जण असतील तर साधारण ३०,००० जण तुमच्या पुढे आहेत. हे कळलं की उगाच हुरळून जायला नको आणि उगाच खचायलाही नको.

नीटमध्ये एकच पेपर, गुण ७२० पैकी. पात्रतेसाठी खुल्या वर्गाला ५० आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसींना ४० पर्सेंटाइल लागतो. २०२३ मध्ये ५० पर्सेंटाइल म्हणजे १३७ गुण होते, २०२४ मध्ये सुधारित निकालानुसार १६२. पर्सेंटाइल तोच, गुण वेगळे. शिवाय पात्र ठरणं म्हणजे प्रवेश नव्हे. जागा रँकवर मिळते.

आता 'मेरिट'चा बुरखा बघा. १३७ म्हणजे १९ टक्के. इतक्या गुणांवर खुल्या वर्गातला विद्यार्थी पात्र ठरतो आणि खिशात पैसे असतील तर महागड्या खाजगी कॉलेजचा रस्ता त्याला मोकळा होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा केंद्राने सर्व वर्गांसाठी पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. शून्य! तेव्हा गुणवत्तेच्या नावाने गळा काढणारे कुठे होते? आरक्षणाचे ४० पर्सेंटाइल खुपतात आणि पैशाचा शून्य चालतो, याला गुणवत्ता म्हणत नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वैद्यकीय प्रवेशातलं ओबीसी आरक्षण कायम ठेवताना म्हटलं आहे की खुल्या स्पर्धा परीक्षेतली कामगिरी म्हणजेच गुणवत्ता, इतका संकुचित अर्थ घेता येणार नाही.

मग परीक्षेकडे पाठ फिरवायची का?

अजिबात नाही. बाबासाहेबांनी व्यवस्थेवर टीका केली आणि त्याच व्यवस्थेच्या सर्वोच्च पदव्याही मिळवल्या. आपल्यालाही दोन्ही करायचं आहे.

पहिली गोष्ट, पेपर ओळखा. सीईटीच्या भौतिक-रसायन-गणित गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत आणि गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. मराठी माध्यमाच्या मुलांनी गणिताचे इंग्रजी शब्द अकरावीपासूनच अंगवळणी पाडावेत. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. नीटमध्ये बरोबरला ४, चुकीला उणे १. चारपैकी दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळत असेल तर उरलेल्या दोनांतून निवडणं फायद्याचं आहे. नीट मराठीतूनही देता येते.

दुसरी गोष्ट, कागद. कितीतरी मुलं परीक्षेत नाही, कागदात नापास होतात. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच अर्ज करा, निकालाची वाट बघू नका. बौद्धांना केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जातीचे हक्क १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. केंद्राच्या जागांसाठी दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला काढून ठेवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. आणि खुल्या गुणवत्ता यादीत बसत असाल तर खुली जागाच घ्या. राखीव जागा मागच्या भावंडाच्या कामी येते.

तिसरी गोष्ट, एकट्याने लढू नका. लातूरच्या क्लासची फी सगळ्यांना झेपणार नाही. पण प्रत्येक विहारात अभ्यासिका, जुन्या प्रश्नपत्रिकांची एक फाइल आणि आठवड्यातून एक रविवार शिकवणारा एक सीनियर, एवढं तर आपण नक्की करू शकतो. जे इंजिनिअर, डॉक्टर झाले त्यांनी एका वस्तीतल्या पाच पोरांची जबाबदारी घ्यावी. फुल्यांनी मागितलेला खाजगी अभ्यासाचा हक्क आज असाच वापरायचा आहे.

निकाल कमी आला तर कारण शोधा. विषय कच्चा राहिला का, वेळ पुरला नाही का, कागद अडला का? ही कारणं दुरुस्त करता येतात. शनी दुरुस्त करता येत नाही, कारण तो आड आलेलाच नाही. तेलाचे पैसे वाचवा, प्रश्नसंच घ्या.

जय जोती! जय भीम!