ओसाड टेकडीचे दोन खासदार
* ओल्ड सेरम : इंग्लंडमधल्या सॉल्सबरीजवळची टेकडी. वस्ती नावालाही नाही, तरी १८३२पर्यंत इथून दोन खासदार संसदेत जात. गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला मात्र स्वतःचा एकही नव्हता. अशा संसदेत जमीनदारांचीच चलती. १८१५चा धान्य कायदा त्यांचाच : देशी गहू क्वार्टरमागे ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही.

गंमत म्हणजे, खुल्या व्यापाराचा कैवारी डेव्हिड रिकार्डो १८१९ मध्ये खासदार झाला तो आयर्लंडमधल्या पोर्टारलिंग्टनची जागा पैसे मोजून. मतदार जेमतेम डझनभर! सभागृहात मात्र तो निवडणूक सुधारणाच मागत राहिला, हेही नोंदवायला हवे.

१८३२च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सेरमचे खासदार गेले, मँचेस्टरला दोन मिळाले. धान्य कायदा रद्द व्हायला १८४६ साल उजाडले.