शीतपंखा, विद्युत (ड्रॅग गाडीतील)

रेडिएटरमधून हवा खेचण्यासाठी इंजिनच्या बेल्टऐवजी बॅटरीवर चालणारा पंखा. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत पंखा बेल्टवर फिरत असे. 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मध्ये इंजिन आडवे बसवलेले होते. बेल्टची पुली रेडिएटरसमोर येईना, म्हणून तिथे मोटरचा पंखा आला.

उपयोग : ड्रॅग शर्यत पाव मैलाची, म्हणजे सुमारे 402 मीटरची. लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ‘व्हॅली रन’मुळे ती महाराष्ट्रात परिचित झाली. प्रत्यक्ष धावेत पंख्याची गरज जवळजवळ नसते, वेगाची हवाच पुरते. गाडी तापते ती रांगेत, टायर तापवताना आणि परतीच्या संथ वाटेवर. देवरूखहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढणाऱ्या भरलेल्या गाडीचे दुखणेही हेच : वेग कमी, भार जास्त. शिवाय ड्रॅग गाडीत दोन धावांच्या मधे इंजिन बंद ठेवूनही पंखा चालवता येतो. बेल्टच्या पंख्याला हे शक्य नाही, आणि तो धावेतही इंजिनची ताकद खातो.

निवड : रेडिएटरच्या मागे बसून हवा ओढणारा पंखा पुढून ढकलणाऱ्यापेक्षा सरस. भोवती आवरण हवेच. नाहीतर हवा फक्त पात्यांपुरत्या भागातून जाते.

वायरिंग : बहुतेक बिघाड इथे होतात, म्हणून हा भाग सविस्तर. मोठा पंखा चालताना 25 अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या काही पट. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून नेऊ नये. स्विचने फक्त रिले चालवावा. रिलेच्या 30 क्रमांकाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे वीज, 87 वरून पंखा, 85 आणि 86 वर कॉइल. फ्यूज बॅटरीला लागूनच असावा. मधली तार बॉडीला घासली तर आग तिथूनच लागते.

तारेची जाडी हिशेबानेच ठरवावी. जाऊन-येऊन 5 मीटर तांब्याची 1.5 चौ. मिमी तार 25 अँपिअरला सुमारे 1.4 व्होल्ट खाते, 4 चौ. मिमीची तार अर्ध्या व्होल्टवर भागवते. बॅटरी डिकीत असेल तर तार आणखी जाड लागते. अर्थची तार रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळावी. कोकणातल्या पावसात सर्वांत आधी हाच जोड गंजतो आणि दोष मात्र मोटरला दिला जातो.

मुख्य स्विच बंद केल्यावरही फिरता पंखा जनित्रासारखी वीज देतो. प्रज्वलन त्याच तारेवर असल्यास इंजिन लगेच बंद पडत नाही. त्यामुळे दोघांच्या वाटा वेगळ्या ठेवाव्यात.

पाणी : गळून धावपट्टी निसरडी होऊ नये म्हणून शर्यतीत बहुधा ग्लायकॉल टाळून साधे पाणी वापरतात.