मिरजेच्या जवारीचा मागोवा

पुण्या-मुंबईतला शौकीन आज घरासाठी भारी स्पीकर घेताना कॅबिनेटचं लाकूड, खर्जाची खोली, आवाजातला गोडवा यांवर तास न् तास वाद घालतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हा वाद दीडशेहून अधिक वर्षं तंबोऱ्यावरून चालू आहे. भोपळा केवढा, दांडी किती रुंद, पानांची नक्षी हवी की वाद्य साधंच बरं, असे अनेक प्रश्न निघतात. पण सगळ्यांत निकराचा वाद असतो तो जवारी, म्हणजे तारेचा भरलेला झंकार, खुली हवी की बंद, यावर.

या कारागिरीचं मूळ हत्यारांपाशी आहे. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर. संस्थानी फौजा आटल्या, तलवारींचं काम संपत आलं. पटवर्धनांच्या मिरजेत मात्र गवई येत-जात होते आणि त्यांची वाद्यं नीट करायला जवळपास कुणी नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोइनुद्दीन या शिकलगारांनी हे काम हातात घेतलं, असं गल्लीत पिढ्यान् पिढ्या सांगतात. आधी दुरुस्ती झाली, मग नवं वाद्य. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे कडू भोपळे त्यांना जवळ होते. तुणीचं लाकूड दक्षिणेतून मिळत होतं. पण मला यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. हे कारागीर गवयांच्या घराण्यांतले नव्हते. समोर बसलेला गवई ‘अजून उघडा’, ‘आता जरा गोल करा’ म्हणायचा आणि कारागीर कानस फिरवायचा. मिरजेचा आवाज घडला तो असा, गाणाऱ्याच्या कानाने आणि शिकलगाराच्या हाताने.

जवारीचा हा सगळा व्यवहार चालतो घोडीवर. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, बसवलेल्या या छोट्या पुलाची पाठ वरून सपाट दिसते, प्रत्यक्षात तिला अगदी मंद उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत राहते, टेकण्याची जागा क्षणाक्षणाला सरकते आणि तारेतले वरचे स्वर एकामागून एक उमलतात. तारेखाली सरकवलेला सुती दोरा, म्हणजे जीव, केसभर पुढे-मागे केला की आवाज फुलतो किंवा मिटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना नेमकं याकडे लक्ष वेधलं. एरवीच्या नियमाप्रमाणे तार बरोबर मधोमध छेडली तर तिचा वरचा षड्ज उमटायला नको. तंबोऱ्यात तो ठणठणीत उमटतो. युरोपच्या ध्वनिशास्त्राला अडचणीत टाकणारी ही गोष्ट कारागिरांनी एकही समीकरण न मांडता साधलेली होती.

मिरजेच्या जाणकारांचा कान तयार होण्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांचा वाटा फार मोठा. ते मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये प्रवासात असताना त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेतच, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आलं. आजही उरुसात तिथे गवई हजेरी लावतात. किराणा गायकीत एकेका स्वरावर थांबायचं असतं, त्यामुळे तंबोरा जरा जरी विसंवादी असला तरी गाणं उघडं पडतं. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार या मंडळींसाठी वाद्याची परीक्षाच ठरला. तो पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल असेच बारीक फरक आकड्यांत पकडत होते. बावीस श्रुतींवरचं त्यांचं पुस्तक १९१० चं. त्या प्रयोगांत खाँसाहेबांच्या गळ्याची साक्ष होती. कृष्णाकाठी मोजणारा आणि गाणारा असे एकत्र बसले, हे मला आपल्या संगीताच्या इतिहासातलं थोर पान वाटतं.

घराघरांत ग्रामोफोन आला तेव्हा तंबोऱ्याचं नुकसान झालं. कर्ण्यात गाऊन केलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत तो जवळजवळ बुडून जातो. १९२५ नंतर विजेचा मायक्रोफोन आला आणि पुढे एलपी आली, तेव्हा कुठे घरी बसलेल्या श्रोत्याला गवयामागचा तो भरलेला नाद नीट ऐकू आला. मग १९७९ मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला. तो उतरत नाही, प्रवासात फुटत नाही, रियाजाला सोयीचा आहे. आता तर मोबाईलमध्येही तंबोरा वाजतो. पण ज्याने मिरजेच्या जोडीमध्ये बसून एकदा षड्ज लावला आहे, त्याला फरक समजावून सांगावा लागत नाही. जोडीतले दोन तंबोरे कधीच तंतोतंत सारखे नसतात, आणि त्या किंचित वेगळेपणामुळेच नाद जिवंत राहतो.

नक्षीबद्दल माझं मत ठाम आहे. भोपळ्यावर कोरीव पानं जरूर असावीत, ती या कारागिरीचं भूषण आहेत. पण तबली जाड ठेवून वरून चकाकी चढवलेलं वाद्य दिवाणखान्यात शोभतं आणि मैफलीत गप्प बसतं. सध्याचा वाद घोडीच्या पदार्थावर आहे. हस्तिदंत गेलं, सांबरशिंग गेलं, उंटाचं हाड मिळणंही अवघड होत चाललं. म्हणून कृत्रिम पदार्थाच्या घोड्या येताहेत. त्यांची जवारी जास्त दिवस टिकते. जुने गवई त्यांना कोरड्या म्हणतात, परदेशात राहून शिकणारे मात्र खूश असतात, कारण तिकडे जवारी काढणारा माणूस सापडत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नावाची नक्कल थांबेल. जवारी काढण्याचा हात मात्र दाखल्याने तयार होत नाही. तारा घासून घासून घोडीवर खाचा पडतात, आवाज बोथट होतो आणि वाद्य पुन्हा जवारीसाठी आणावं लागतं. त्या कामाला कारागिराचा अर्धा दिवस जातो. त्याचा मोबदला वाद्याच्या किमतीच्या मानाने फारच थोडा असतो. मिरजेच्या वाद्यांवर प्रेम करणाऱ्यांनी आधी तो वाढवून द्यावा.