२७–६, आणि त्यानंतरचा हिशेब

इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात, तहनामे असतात. मैदानावर झालेली लढाई कुणी इतिहास म्हणून सांगत नाही. म्हणून ही सांगतो.

९ नोव्हेंबर १९१२. अमेरिकेतलं वेस्ट पॉइंट, सैन्याचे अधिकारी घडवणारी अकादमी. तिच्या टीमसमोर उभी होती पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन शाळेची टीम. हे इंडियन म्हणजे आपण नव्हे. कोलंबस वाट चुकला आणि तिथल्या मूळनिवाशांना हे नाव चिकटलं. तो फुटबॉलही आपला नव्हे. लांबुळका चेंडू पोटाशी धरून धावायचं, समोरच्यानं अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा दांडगा खेळ.

आणि शाळा तरी कसली? १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं जुन्या बराकीत ती काढली. दूरदूरच्या जमातींची पोरं आगगाडीत घालून आणली. आल्या आल्या केस कापले. नावं बदलली. मायबोली बोललं की शिक्षा. माणसातला इंडियन मारायचा आणि माणूस वाचवायचा, हे प्रॅटचं सूत्र. किती वाचवले ते शाळेच्या दफनभूमीला विचारा. पावणेदोनशेच्या वर पोरं तिथं पुरली गेली.

अशा शाळेची टीम मोठमोठ्या कॉलेजांशी खेळत होती. १९१२ च्या हंगामात चौदा सामने. बारा जिंकले, एक बरोबरीत, एक हरले. पाचशेच्या वर गुण केले. टीममध्ये जिम थॉर्प होता. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमधून दोन सुवर्णपदकं घेऊन आलेला. समोर सैन्याच्या टीममध्ये ड्वाइट आयझेनहॉवर, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. बावीस वर्षांपूर्वी, २९ डिसेंबर १८९० ला, याच देशाच्या सैन्यानं वूंडेड नी इथं दोनशेच्या वर लाकोटा बाया-माणसं-पोरं गोळ्या घालून मारली होती. मैदानावरच्या कुणाला ते आठवत नसेल असं मला वाटत नाही.

निकाल : कार्लाइल २७, आर्मी ६.

इथं गोष्ट थांबवली तर टाळ्या पडतील. पण मला त्या टाळ्यांचाच संशय येतो. टाळ्या वाजवणाऱ्या त्या देशानं सगळ्या मूळनिवाशांना नागरिक मानलं ते १९२४ च्या कायद्यानं. म्हणजे बारा वर्षांनी.

थॉर्पचं बघा. आधी एकदोन उन्हाळे त्यानं थोड्या पैशासाठी बेसबॉल खेळलं होतं. कॉलेजची गोरी पोरंही खेळत, पण खोट्या नावानं. थॉर्पनं आपलं खरं नाव लावलं. १९१३ साली पदकं काढून घेतली. प्रशिक्षक वॉर्नर म्हणाला, मला काही ठाऊक नव्हतं.

आणि गेटचा पैसा? टीम बहुतेक सामने बाहेरगावी खेळे, कारण गर्दी आणि गल्ला तिथं मोठा. घाम पोरांचा, फंडाची किल्ली वॉर्नर आणि सुपरिंटेंडंटकडे.

मग क्वार्टरबॅक गस वेल्शनं पुढाकार घेतला. दोनशेच्या वर विद्यार्थ्यांनी अर्जावर सह्या केल्या. जी भाषा शाळेनं दंडुक्यानं शिकवली, त्याच भाषेत शाळेविरुद्ध अर्ज! १९१४ साली संसदेची चौकशी समिती शाळेत आली. पोरांनी समोर उभं राहून साक्ष दिली : प्रशिक्षक घाण शिव्या देतो, हात उचलतो. फंडाचा पैसा कुठं जातो तेही निघालं. सुपरिंटेंडंटला जावं लागलं. वॉर्नरही तो हंगाम संपल्यावर पिट्सबर्गला गेला. १९१८ साली शाळाच बंद झाली.

थॉर्प १९५३ साली वारला. पदकं परत देण्याचा निर्णय १९८२ साली झाला. त्या स्पर्धांचा एकटा विजेता म्हणून त्याचं नाव लागलं ते २०२२ साली. अशा शाळांबद्दल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानं माफी मागितली २०२४ च्या ऑक्टोबरात. मेल्यावर माफी मागणं सोपं असतं.

म्हणून म्हणतो, २७–६ लक्षात ठेवाच. पण त्या सह्याही लक्षात ठेवा. गोल मारणारा पोरगा त्यांना आवडत होता, हिशेब मागणारा आवडला नाही. आपल्या पोरांना मैदानावर जरूर पाठवा. सोबत चौघं असेही पाठवा, जे तिकिटाच्या खिडकीशी उभे राहून विचारतील : गल्ला कुणाच्या हातात आहे?