फातिमा कुरकुर करणार नाही

मागच्या वर्षी जालन्यात मुख्याध्यापकांचे नेतृत्व प्रशिक्षण झाले. साधनव्यक्ती ‘कोचिंग’, ‘माइंडसेट’ हे शब्द वापरत होते. शेजारी बसलेले एक सर हळूच म्हणाले, “आपा, आपल्याकडे कोचिंग म्हणजे दहावीची शिकवणी. मुख्याध्यापकाला कसली शिकवणी?” मीही हसले. पण घरी आल्यावर वाटले, ही गोष्ट आपल्याला खरेच नवी आहे का?

जोतीराव फुल्यांची शाळा मध्येच सुटली होती. शेजारचे दोन जाणते लोक गोविंदरावांना भेटले आणि मुलाला परत शाळेत घाला म्हणून त्यांनी समजूत काढली. एक होते लिजिट साहेब, दुसरे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. उर्दूची शिक्षिका म्हणून हे नाव मला फार जवळचे वाटते. मुन्शींनी त्या मुलातली कुवत ओळखली आणि त्याच्यासाठी शब्द टाकला.

सावित्रीबाईही एकट्याने घडल्या नाहीत. सुरुवातीला जोतीरावांनी घरी शिकवले. पुढचे शिक्षण सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या मित्रांनी पाहिले. नगरला मिस फॅरार आणि पुण्यात मिस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण झाले. १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा उघडली, त्यामागे इतक्या माणसांचे हात होते. १८५१-५२ मध्ये बुधवार, रास्ता आणि वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. वडिलांचे घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला आसरा दिला, असे सांगितले जाते.

फातिमा शेख यांच्याविषयी कागदपत्रे फार थोडी आहेत. त्यावरून अलीकडे बराच वादही झाला. म्हणून सावित्रीबाईंचे १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र महत्त्वाचे. त्या आजारी पडून नायगावला माहेरी आल्या होत्या. भाऊ शुश्रूषा करत होता. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिले, की पूर्ण बरी झाल्यावरच पुण्याला येईन, काळजी नसावी. फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असेही लिहिले.

या दोन वाक्यांत मला त्या प्रशिक्षणाचा सगळा सार दिसतो. अंगावर शेण-दगड झेलणारी बाई आजारपणात विश्रांती घेते आणि त्याची लाज बाळगत नाही. ती घेऊ शकते, कारण मागे जबाबदारी सांभाळणारी सहकारी आहे. आणि त्या सहकारीला त्रास होत असेल, याचीही तिला जाणीव आहे.

माझे उलट झाले. एका खेड्यातल्या उर्दू शाळेत माझ्याकडे प्रभारी मुख्याध्यापकपद होते. दोन शिक्षक, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, त्यात चार वर्ग. टायफॉइड झाला तेव्हा मी अंथरुणातून दिवसाला दहा फोन करायचे. हजेरी भरली का, तांदूळ मोजला का. आठव्या दिवशी सहकारी शिक्षिका रडवेल्या आवाजात म्हणाली, “आपा, माझ्यावर भरोसा नाही का?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिला काम दिले होते, भरोसा दिलाच नव्हता. बरी होऊन गेले तेव्हा शाळा व्यवस्थित चालू होती. माझ्यावाचून काही अडले नव्हते, हे पाहून आधी वाईट वाटले, मग हलके वाटले.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा, अशी मागणी केली. शिक्षक पोटाच्या चिंतेत असेल तर शाळा चालत नाही, हे त्यांना माहीत होते. आज पगार बरा आहे, पण अनेक शाळांत मुख्याध्यापकाची खुर्ची प्रभारी आहे आणि शिक्षकांची पदे रिकामी. केवळ मन खंबीर ठेवा असे सांगून ही उणीव भरून निघणार नाही. शासनाने ती भरलीच पाहिजे.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. आपल्या शाळेतली फातिमा कोण, ते ओळखावे, तिला विश्वासाने काम सोपवावे. आणि ती कुरकुर करत नाही, म्हणून तिला त्रास होत नाही असे समजू नये.